पिवळ्यावर पिवळं

आयुष्यातलं सगळ्यात घाणेरडं काम मी पंख्याखाली बसून, इस्त्रीचा शर्ट घालून केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण घाण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गटार येतं, नाहीतर गोठा. मी माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरातला. लहानपणी लेंड्या तुडवत हिंडलो, आजारी मेंढीच्या जखमेतले किडे काडीनं काढले, आणि त्यातल्या कशाचीही मला कधी शिसारी आली नाही. ती पहिल्यांदा आली सांगलीत, हळदीच्या एका पेढीवर, छापलेले कागद बघून. कागदांवरचा मजकूर माझाच होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी सांगलीत जिन्याखालच्या एका खोलीत ‘वेबसाइट करून मिळेल’ अशी पाटी लावली होती. लोक पाटी वाचून आत यायचे आणि विचारायचे, हे नक्की काय असतं? मी सांगायचो, तुमच्या दुकानाची पाटी जगभर दिसेल. हे वाक्य मला फार आवडायचं. ते धादांत खोटं होतं. जगभरच्या पाट्यांच्या ढिगात आपली एक पाटी जाऊन पडते, एवढंच. कुणी इंटरनेटवर ‘हळद’ म्हणून शोध घेतला, तर त्या ढिगातली कुठली पाटी वर काढून दाखवायची हे शोध घेणारं यंत्र ठरवतं. पहिल्या पानावर आलात तर आलात. सातव्या पानावर कोण जातंय?

मार्केट यार्डातल्या त्या पेढीचे मालक सत्तरीचे होते. इंग्रजी येत नव्हतं, पण हळद अशी ओळखायचे की भले भले व्यापारी त्यांच्यापुढे गप्प बसत. त्यांचा एक नेम होता. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या मालावर त्यांनी जन्मात भाव सांगितला नाही. हमालाला म्हणायचे, “पोतं पालथं कर.” मग तळातलं हळकुंड उचलायचे, कट्कन मोडायचे आणि आतला रंग समोरच्याच्या नाकासमोर धरायचे. “वरनं समद्यांचंच सोनं असतं गड्या. तळातलं दाव.” स्वतःचा माल विकतानाही तसंच. गिऱ्हाईक नको नको म्हणालं तरी पोतं पालथं व्हायचं.

वेबसाइट मालकांनी मागितली नव्हती. ती त्यांच्या धाकट्या सुनेनं मागितली होती. ती वाईची. बी.कॉम. झालेली, वडील शाळेत शिक्षक. लग्नानंतर चार वर्षं घरात काढल्यावर तिनं सासऱ्यांना विचारलं होतं, मी पेढीवर बसू का? त्या पेढीवर तोवर एकही बाई बसली नव्हती. घरची बाई यार्डात हमालांच्या, दलालांच्या नजरेसमोर बसणार, हे थोरल्या मुलाला अजिबात पसंत नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे धाकटा, या वादात कुठल्याच बाजूला नव्हता. तो बहुतेक वादांत असाच असायचा. शेवटी म्हाताऱ्यानं तोड काढली. मागच्या बाजूला प्लायवूडचा आडोसा करायचा, आत कॉम्प्युटर आणि वेताची एक खुर्ची. “दसऱ्यापातुर बस. त्यातनं एक जरी परदेशी गिऱ्हाईक आलं, तर कायमची बस. न्हाई आलं तर घरला.”

म्हणजे दसऱ्यापर्यंत ती खुर्ची तिची होती. पुढचं सगळं त्या शोधयंत्रावर होतं, आणि ते यंत्र हाताळायला तिनं मला आणलं होतं.

साइटचा मजकूर तिनंच लिहिला. इंग्रजी साधं, पण नेटकं. जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं कशी टिकते, सासरे तळातलं हळकुंड मोडून कसं दाखवतात, असं सगळं. तो मजकूर वाचून मला वाटलं होतं, हिला खरंच काहीतरी सांगायचंय. बाकीच्या गिऱ्हाइकांना फक्त आपला फोटो जगाला दाखवायचा असायचा. मी पानाला हळदीचा पिवळा रंग दिला. तिला तो आवडला.

मग आमचं रोजचं काम सुरू झालं. दुपारी तीनला लाइन थोडी मोकळी असायची. मोडेम किंचाळायचं, तीनदा तुटायचं, चौथ्यांदा लागायचं. ती शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘हळद सांगली’ लिहायची आणि पानं उलटत जायची. आपली साइट कितव्या पानावर, कितव्या ओळीत आली ते एका वहीत लिहून ठेवायची. सातवं पान. सातवं पान. आठवं पान. शाळेतल्या हुशार पोरीला कमी मार्क पडावेत तसा तिचा चेहरा व्हायचा.

“भाऊजी, आपलं कुठं चुकतंय?”

“चुकत नाही वहिनी, यंत्राला वेळ लागतो,” मी म्हणायचो. मला यंत्राबद्दल तेवढंच माहीत होतं.

मग पुण्याच्या एका मित्रानं मला युक्ती सांगितली. यंत्राला डोळे नसतात, ते फक्त शब्द मोजतं. पानावर ‘हळद’ जितक्या वेळा, तितकं पान वर. पण माणसाला शंभरदा हळद हळद दिसली तर तो वैतागणार. म्हणून ते शब्द पानाच्या रंगातच लिहायचे. पिवळ्या पानावर पिवळी अक्षरं. माणसाला तिथे कोरा पिवळा रंग दिसतो आणि यंत्राला शब्द. मला ही युक्ती इतकी आवडली की मी खोलीत एकटाच हसलो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानाच्या तळाशी हळद, हळकुंड, मसाला, सांगली, महाराष्ट्र, सगळं इंग्रजीत, ओळीच्या ओळी ओतल्या. दोन-तीन आठवड्यांत साइट तिसऱ्या पानावर आली. वहिनींनी त्या दिवशी पेढीवर सगळ्यांना चहा दिला.

तिथे थांबलो असतो तर ही गोष्ट सांगण्यासारखी झाली नसती. पण मला पहिलं पान हवं होतं. स्वतःला सांगताना मी ‘वहिनींसाठी’ असं सांगायचो. निमित्त तिचं, हाव माझी. यार्डातले आणखी तीन व्यापारी या साइटचं काय होतंय ते बघून मला काम देणार होते.

जगातले लोक शोधयंत्रात सर्वांत जास्त काय शोधतात, त्या शब्दांच्या याद्या तेव्हा इंटरनेटवरच मिळायच्या. मी एक यादी उतरवून घेतली. वरचे शब्द नट्यांचे, आणि त्यांच्याहून वरचे कसले ते सांगायला नको. नागड्या चित्रांचे, अंथरुणातले, आणि काही असे की त्यांचा अर्थ मला शब्दकोशातही सापडला नाही. तेसुद्धा मी घातले. पेवांच्या त्या मजकुराखाली, तळातल्या हळकुंडाच्या त्या वाक्याखाली, पिवळ्यावर पिवळे, पानोपान. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. तेव्हा ते टंकताना हात थांबला नाही, आणि ज्याची मला सगळ्यात जास्त किळस येते ते हेच. मी चहा पीत पीत टंकत होतो. मधेच शिराळ्याच्या नागपंचमीची आठवण झाली. तिथले नाग बघायला परदेशी लोक येतात म्हणून ‘नाग’, ‘साप’, ‘विष’ हेही घालून टाकलं.

साइट वर आली. भेटी मोजणारा आकडा रोज पळायला लागला. वहिनी आडोशाबाहेर येऊन सासऱ्यांना आकडा सांगायच्या आणि म्हातारा “लय झालं की!” म्हणून खूश व्हायचा. ईमेलनं पत्रंही यायला लागली, पण कसली? एकानं विचारलं, जिवंत नाग पोस्टानं पाठवता का. दुसऱ्यानं जे लिहिलं होतं ते वाचून वहिनींनी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

“हे असले लोक आपल्याकडे का येतायत, भाऊजी?”

“जग आहे वहिनी. जगात सगळेच असतात.”

एकदा त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. मजकूर संपल्यावरही पान खाली सरकतच राहतं, खाली नुसताच कोरा पिवळा पट्टा आहे, तो कशाला?

“पुढं मजकूर वाढवायचा झाला तर जागा सोडलीय,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत, कारण दुसरं कुणी विश्वास ठेवण्यासारखं त्यांच्या आजूबाजूला नव्हतं.

दसरा जवळ आला आणि खरं गिऱ्हाईक एकही नव्हतं. पण आकडा एवढा फुगला होता की म्हातारा म्हणाला, “एवढी माणसं यून बगत्यात, तर घेतीलबी. बसू दे तिला.” खुर्ची जवळजवळ कायमची झाली होती.

खंडेनवमीला पेढीवर हत्यारांची पूजा असते. काटा, वजनं, हमालांचे लोखंडी आकडे, पोती शिवायचे दाभण, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. त्या वर्षी कॉम्प्युटरलाही माळ होती. मला खास बोलावणं होतं. मालकांनी पाटाकडे बघितलं आणि म्हणाले, “कंपूटर झाला. पर ती वेबसाइट कुठाय? तीबी हत्यारच की. तिची पूजा नगं?”

वहिनी हसल्या. “मामंजी, ती पाटावर कशी ठेवणार?”

“कागुद काढ की छापून.”

त्यांनी छपाई सुरू केली. पहिलं पान निघालं तसं म्हाताऱ्यानं ते हातात घेऊन पाठपोट बघितलं. “एवढंच? खालचं?”

“खाली कोरंच आहे, मामंजी.”

“कोरं असू दे, न्हाईतर कसं असू दे. वरवरचं देवाम्होरं ठिवत न्हाईत. पार तळापातुर काढ.”

मला इथेच काहीतरी करायला हवं होतं. पण मला वाटलं, कोरं पिवळं कोरंच छापून येईल. मी ती पानं स्वतः कधीच छापली नव्हती. छापताना पानाचा रंग सुटतो आणि अक्षरं, पडद्यावर कुठल्याही रंगाची असोत, काळी उमटतात, हे मला माहीत नव्हतं. छापखान्यातल्या शिकाऊ पोराला जे कळलं असतं ते डिप्लोमावाल्याला कळलं नाही.

प्रिंटर सावकाश चालत होता. वहिनी तोवर निरांजनाची वात करत होत्या. कागद निघत गेले तसे गठ्ठ्यावर पालथे पडत गेले. त्यांनी गठ्ठा उचलला, सारखा केला, हळदीत भिजवलेल्या दोऱ्यानं बांधला आणि काट्याशेजारी पाटावर ठेवला. वरच्या पानावर हळदकुंकू वाहिलं. आरती झाली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाच्या हातावर साताऱ्याचा कंदी पेढा आला.

आणि थोरल्यानं सहज म्हणून गठ्ठा उचलून मधलं पान उघडलं.

त्याला इंग्रजी बेताचं येत होतं, पण ते शब्द समजण्यापुरतं पुष्कळ होतं. पहिला शब्द त्यानं अर्धा मोठ्यानं वाचला आणि गप्प झाला. पान उलटलं. पुढचं उलटलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“काय लिवलंय रं?” म्हातारा म्हणाला.

“वाचण्यासारखं न्हाई, आप्पा.”

“देवाम्होरं ठिवलंय आनि वाचण्यासारखं न्हाई?”

थोरला म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. म्हाताऱ्यानं कागद हातात घेतले. त्याला ती अक्षरं येत नव्हती, तरी तो त्यांच्याकडे एकटक बघत राहिला. मग त्यानं गठ्ठा पाटावरून दूर, खाली जमिनीवर ठेवला आणि धोतराला हात पुसले. कागद तर कोरडेच होते. मीही तोवर मान लांबवून ती पानं बघितली होती. वर त्यांचं पेव, त्यांचं हळकुंड, आणि खाली माझा तो किळसवाणा चिखल, ओळीखाली ओळ, काळाकुट्ट. मला शिसारी आली ती तेव्हा.

“कुणी लिवलं हे?”

थोरल्यानं आडोशाकडे बघितलं. त्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोण बसायचं ते सगळ्या यार्डाला माहीत होतं.

वहिनींनी कागद उचलला आणि वाचला. सगळं त्यांच्या लक्षात आलं. तो कोरा पट्टा, ती सोडलेली जागा, ती घाणेरडी पत्रं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की हे या माणसानं लिहिलंय. पण दहा पुरुषांसमोर त्या शब्दांबद्दल तोंड उघडायचं कसं? आणि उघडलं तरी ऐकणार कोण? त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघावं तसं बघितलं.

“भाऊजी, तुम्हीच सांगा ह्यांना.”

माझ्या हातात पेढा होता. समोर म्हातारा, थोरला, हमाल, आणि दारात बाजूच्या गाळ्याचा व्यापारी, ज्याची साइट मी पुढच्या महिन्यात करणार होतो. भीती वाटली असं म्हणायला मला आवडलं असतं. भीतीपोटी केलेलं माणसाला माफ करता येतं. पण मला त्या क्षणी भीती नव्हती, हिशेब होता. तो पुरा करायला मला दोन श्वासही लागले नाहीत.

“व्हायरस असणार,” मी म्हटलं. “कॉम्प्युटरला लागतो. कुणी काही नको ते उघडलं की मशिनमध्ये शिरतो आणि असलं काहीबाही लिहून ठेवतो.”

“कुणी नगं ते उगडलं की,” थोरल्यानं हळूच पुन्हा म्हटलं. “ऐकलं न्हवं, आप्पा?”

वहिनींच्या नवऱ्यानं मान खाली घातली. म्हातारा सुनेकडे न बघता म्हणाला, “पोरी, घरला जा आता.”

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. आडोशामागे गेल्या, ती वही घेतली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि मागच्या दारानं निघून गेल्या. मी पेढ्याकडे बघितलं. तो मुठीत दाबून दाबून तळहाताला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी त्यांच्या घरी सोनं द्यायला गेलो. गेलो नसतो तर लोकांना संशय आला असता, म्हणून गेलो. माझं जाणंसुद्धा तसलंच. ओसरीवर यार्डातले पाच-सहा जण बसले होते. वहिनी आतून आपट्याच्या पानांचं ताट घेऊन आल्या आणि एकेकाच्या हातावर पान ठेवत गेल्या. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.” माझ्यापाशी आल्या. पान ठेवलं.

“सोनं घ्या,” म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. त्याला त्यांनी पुरतं म्हटलं.

त्या आठवड्यात मी साइटवरून ते सगळे शब्द काढून टाकले. साइट पुन्हा सातव्या पानावर गेली, नंतर कुठे गेली कळलंच नाही. पेढीवर कुणी विचारलंही नाही. ती कितव्या पानावर आहे हे बघणारं तिथे एकच माणूस होतं. कॉम्प्युटरवर माळ तशीच सुकत राहिली आणि वेताच्या खुर्चीवर सुतळीची गुंडाळी आली.

दिवाळी झाल्यावर पेढीच्या पत्त्यावर एक ईमेल आलं. पासवर्ड आता माझ्याकडेच होता, म्हणून मीच उघडलं. परदेशातली मसाल्याची एक कंपनी होती. सुरुवातीलाच बाईंना उद्देशून नमस्कार, आणि मग लिहिलं होतं, आपण हातानं लिहिलेलं पत्र आणि त्यासोबतचा हळकुंडाचा मोडलेला तुकडा मिळाला. रंग फार आवडला. मोठा नमुना पाठवू शकाल का?

मी ते तीनदा वाचलं. मग आठवलं. अगदी सुरुवातीला, मी पहिला शब्द लपवायच्याही आधी, त्या एकदा म्हणाल्या होत्या की माहेरी वाईच्या वाचनालयात परदेशी व्यापाऱ्यांची एक जुनी सूची आहे, तिच्यातून वीसेक पत्ते उतरवून आणलेत. मी हसलो होतो. इंटरनेटच्या जमान्यात पोस्टानं पत्रं? त्यांनी ती पाठवली होती तर, खाली पेढीचा ईमेल पत्ता लिहून. प्रत्येक पाकिटात एक हळकुंड, मोडून, आतला रंग दिसेल असं. ते पोत्याच्या तळातलं असणार, याबद्दल मला शंका नाही. माझ्या सगळ्या घाणीतून एक माणूस आला नव्हता, आणि हे गिऱ्हाईक तिच्या तुकड्यावर आलं होतं.

मी ईमेल छापून पेढीवर नेलं. म्हातारा एकटाच होता. मधल्या महिन्यात तो खचल्यासारखा वाटत होता.

“काय लिवलंय?”

“परदेशातनं आलंय. हळद पाहिजे म्हणतायत. नमुना मागितलाय.”

म्हातारा उठून उभा राहिला. कागद उलटा-सुलटा करून बघितला, तळापर्यंत. या वेळी तळाशी काही नव्हतं. ‘बाई’ कुठे लिहिलंय, ‘पत्र’ कुठे लिहिलंय, हे त्याला वाचता येणार नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही.

“तुजी वेबसाइट बगून आलं न्हवं?”

दारात बाजूच्या गाळ्याचा तोच व्यापारी येऊन उभा होता.

“हो,” मी म्हटलं.

मालकांनी पेढे मागवले. पहिला मला दिला, आणि मी तो खाल्ला.